खट्टा, आंबील आणि बिर्याणीचे पार्सल

मार्च उजाडला की आमच्याकडे शाळा सकाळची होते. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी एक साधा उपक्रम दिला होता. काल रात्री घरी काय जेवलात ते पाच ओळींत लिहा, एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत. उद्देश चवीची विशेषणे शिकवण्याचा होता. आंबट, तुरट, खारट असे शब्द दोन्ही भाषांत यावेत एवढेच. निम्म्याहून अधिक मुलांनी बिर्याणी लिहिली. काहींनी चिकन सिक्स्टी-फाईव्ह. यांतली बहुतेक घरे मला माहीत आहेत. त्या घरांत आदल्या रात्री जवारी की रोटी आणि कैरी की दाल झाली असणार, नाहीतर खिचडी-खट्टा. मुले खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. शाळेच्या वहीत कोणते जेवण लिहिण्यासारखे असते, हे त्यांनी आपल्यापरीने ठरवून टाकले होते.

मुसलमानाचे जेवण म्हणजे बिर्याणी, हे समीकरण बाहेरच्यांनी केले अशी आपली तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे आपण स्वतः केले. ढोकीसारख्या गावातही आता संध्याकाळी चौकात पार्सलच्या पिशव्या घेऊन मोटारसायकली निघतात. शहरासारखे अ‍ॅपवाले पोऱ्ये इथे नाहीत, पण फोन केला की कुणीतरी आणून देतो. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेल्या पत्र्याच्या घरात, संध्याकाळी गॅससमोर तासभर उभे राहायची कुणाला हौस नसते. उभी राहणारी बाईच असते. ‘घरचे खावे, बाहेरचे कशाला’ हा उपदेश करणारा बहुधा ताटावर बसलेला असतो. म्हणून या लेखात मला उपदेश करायचा नाही. आपल्याकडे उन्हाळ्याचे एक वेगळे जेवण होते, ते मुळात चुलीपासून सुटका व्हावी म्हणूनच घडले होते, आणि ते आपण का विसरलो, याचा थोडा इतिहास मांडायचा आहे.

राजांचा गारवा आणि रयतेचा

उन्हाळ्यावर उपाय शोधण्याचा दक्खनचा इतिहास जुना आहे, पण लिहिला गेला तो राजांचा. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, उमरग्याच्या पलीकडे कल्याण आहे, आजचे बसवकल्याण. तिथल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात खाण्याचा ‘अन्नभोग’ आणि पिण्याचा ‘पानीयभोग’ असे स्वतंत्र भाग आहेत. पाणी कसे प्यावे हाही राजाच्या सुखाचा विषय होता. नंतर आदिलशाहीत नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल केला गेला. वरून पाणी कोसळते आणि आत गारव्यात माणूस कोरडा बसतो. शाळेची सहल नेली की मुलांना तिथून हलवणे अवघड होते.

उत्तरेत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही स्वयंपाकघराची नोंद केली. आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही, पण त्यात पदार्थांचे जे तीन वर्ग आहेत, त्यांतला पहिला बिनमांसाचा आहे आणि त्याचे नाव ‘सूफियाना’. खिचडी त्यातच येते. प्रमाण मात्र बादशाही आहे. तांदूळ, डाळ आणि तूप तिन्ही समसमान! आमच्या दादीने हे ऐकले असते तर तिने एवढ्या तुपात महिना काढून दाखवला असता.

रयतेच्या गारव्याला असा ग्रंथ मिळाला नाही. तो शब्दांत राहिला. मराठीत आंबील, कन्नड आणि तेलुगूत अंबली. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून आंबवायचे, सकाळी उन्हे चढण्याआधी दहा मिनिटे शिजवायचे, मडक्यात ओतून ठेवायचे आणि दुपारी थंड प्यायचे. आंबवण्यात तीन गोष्टी साधतात. पदार्थ उन्हात लवकर बिघडत नाही, थोड्या पिठात पोट भरते, आणि दुपारी चूल पेटवावी लागत नाही. शेजारच्या तेरला गोरोबाकाकांचे गाव म्हणून लोक दर्शनाला जातात. ‘पेरिप्लस’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथात ज्या तगर नगरीचा उल्लेख आहे, ती हीच, असे अभ्यासक मानतात. माझ्या लेखी तेरची थोरवी तिसऱ्याही कारणाने आहे. ज्या काळात फ्रीज नव्हता त्या काळात मराठवाड्याचा उन्हाळा कुंभाराच्या मडक्याने पार पाडला आणि त्या कुंभाराला या गावात संतपद मिळाले.

खट्ट्याची वंशावळ

आमच्या घरांतला उन्हाळ्याचा खास पदार्थ म्हणजे खट्टा. हैदराबादेत खिचडी, खीमा आणि खट्टा असे त्रिकूट असते. इकडे खीमा गळाला आणि त्याच्या जागी पापड आला. खट्टा शिजवत नाहीत, ही त्याची खुबी. लिंबाएवढी चिंच दोन पेले पाण्यात कोळायची. त्यात बारीक चिरलेला कांदा, तव्यावर भाजून चुरलेली हिरवी मिरची, भाजलेल्या तिळाचा किंवा शेंगदाण्याचा कूट, जिरे, कोथिंबीर, मीठ आणि चवीपुरता गूळ. संपले. वरून लसूण-कढीपत्त्याची फोडणी हवी तर द्यावी, नाही दिली तरी चालते. भाजलेले वांगे कुस्करून घातले तर तेवढ्यावर एक वेळ निघते. तेलुगू भाषक याच पदार्थाला पच्ची पुलुसू म्हणतात, म्हणजे कच्चे सार. धर्म बदलला, भाषा बदलली, वाटी तीच राहिली.

उर्दूच्या तासाला मी चिंचेची गोष्ट आवर्जून सांगते. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले. ते फार पूर्वी इथे आले आणि इतके रुजले की अरबांनी त्याच्या फळाला ‘तमर हिंदी’ म्हटले, हिंदुस्तानचा खजूर. युरोपीय भाषांतली चिंचेची नावेही त्यावरूनच पडली. ज्वारीही आफ्रिकेतूनच आली. मिरची तर अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणलेली. टमाटाही तिकडचाच, म्हणून आमचा टमाटे का कट हा खट्ट्याच्या मानाने पोरवयाचा पदार्थ समजायचा. खट्ट्याच्या एका वाटीत आफ्रिका, अमेरिका आणि दक्खन असतात. ‘अस्सल’ आणि ‘परके’ यांवर भांडणाऱ्यांनी कधीतरी ही वाटी तोंडाला लावून बघावी.

ज्वारीचा आणि दक्खनी मुसलमानांचा संबंध किती जुना, याचा पुरावा स्वयंपाकाच्या पुस्तकांत सापडत नाही, सूफींच्या कवितेत सापडतो. विजापूरच्या सूफींनी दक्खनी भाषेत ‘चक्कीनामे’ लिहिले, म्हणजे बायकांनी जात्यावर दळताना गायची गीते. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात या गीतांचा अभ्यास केला आहे. या भागात सामान्य लोकांपर्यंत सूफी विचार ग्रंथांनी नव्हे तर या दळण-कांडणाच्या गाण्यांनी पोहोचला असे ते मांडतात. मराठीत जात्यावरच्या ओव्या, दक्खनीत चक्कीनामे. जात्यात पडणारे धान्य या कोरडवाहू मुलखात मुख्यतः ज्वारीच. आमच्या घरांत आजही तिला जवारी की रोटी म्हणतात, भाकरी नाही, पण थापायची रीत शेजारणीचीच आहे.

बकरी होती, पण विकायला

इथे कुणी म्हणेल की उस्मानाबादी शेळी तर जगप्रसिद्ध आहे, मग मटण का नसेल? शेळी होतीच. काळी, काटक, बहुतेक वेळा जुळी देणारी. पण गरिबाच्या दारातली शेळी ही त्याची बँक होती. मुलीचे लग्न, आजारपण, शाळेची फी, यांसाठी ती बाजारात जायची. ताटात यायची ती बकरी ईदला, अकीक्याला आणि पाहुण्याला. उन्हाळ्यात तर मांस टिकतच नाही. म्हणून ईदचे उरलेले गोश्त हळद-मीठ लावून दोरीवर वाळवायचे आणि पुढे महिनाभर डाळीत चार-चार तुकडे टाकायचे.

तांदळाचे तसेच. निजाम राज्यात भाताचा मुलूख तेलंगणाचा, आमचा ज्वारीचा. दादीच्या काळी भात म्हणजे आजाऱ्याचे किंवा सणाचे अन्न. माझ्या लहानपणीच्या लग्नांत तरी बिर्याणी कुठे होती? बगारा खाना आणि दालचा असायचा. साधा फोडणीचा भात आणि दुधी घातलेली डाळ, त्यात नशीब असेल तर हाडाचा तुकडा. हजार माणूस त्यावर उठायचे. आता दालच्याचे लग्न म्हटले की लोक आधी नाक मुरडतात आणि मग कर्ज काढतात.

या काटकसरीमागे नुसता दुष्काळ नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर जो हिंसाचार झाला, त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले होते. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्याच्या आसपास निजामाच्या नोकऱ्या गेल्या, १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागीरदारांचे काय व्हायचे ते झाले, पण त्यांच्या आसऱ्याने जगणारे शिपाई, खानसामे, विणकर, टांगेवाले उघडे पडले. अनेक घरांत कमावता पुरुषच राहिला नाही. दादी सांगायची की आधी खट्टा खिचडीसोबत असायचा, नंतर तो नुसत्या रोटीसोबत खाल्ला जाऊ लागला. ती याहून जास्त कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही. इतिहासाची पदवी नसलेल्या बायका असा इतिहास दोन वाक्यांत सांगतात.

१९७२ चा दुष्काळ अम्मीच्या आठवणीतला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची. रेशनला मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी. तिच्या रोटीला ना चव ना लवचिकपणा, थापताना कडा फाटायच्या. ती गिळायला खट्टाच कामी आला, असे अम्मी अजूनही म्हणते. त्या खडी केंद्रांवर मराठा, महार, मांग, मुसलमान बायका एकाच सावलीत डबे सोडायच्या. कुणाच्या डब्यात काय आहे, हे सगळ्यांना माहीत होते, कारण सगळ्यांच्या डब्यात तेच होते.

आपल्याच जिल्ह्याचे शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून महार-मांग समाजाच्या खाद्यजीवनाची नोंद केली. अलीकडे ते इंग्रजीतही गेले. जे अन्न कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात नव्हते ते त्यांनी कागदावर आणले. मराठवाड्यातल्या गरीब मुसलमानाच्या घरातल्या अन्नाबाबत हे काम अजून व्हायचे आहे. आपल्याकडे लिहिले जाते ते नवाबी दस्तरखान. शीरमाल, निहारी, मुर्ग मुसल्लम. ढोकीत शीरमाल कुणाच्या बापाने खाल्ले होते?

स्वस्त काय आणि महाग काय

आता हिशेबाचे बोलू. ‘जुने जेवण स्वस्त’ असे सरसकट म्हणणे आज खरे नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळू लागले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. पण भरडधान्य कायद्यात राहिले आणि आमच्या रेशन दुकानात गहू-तांदूळच येत राहिले. तिकडे शेतात सोयाबीनने खरीप ज्वारी हटवली आणि पाणी असेल तिथे उसाने रब्बी. ढोकीला तेरणा साखर कारखाना आहे. तो कित्येक वर्षे बंद पडला होता, तरी उसाची ओढ काही सुटली नाही. परिणाम असा की २०२४-२५ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये आणि गव्हाचा २४२५. गरिबाची भाकरी गव्हाच्या चपातीला महागली. शहरातल्या दुकानांत तर ती आता डॉक्टरांनी सांगितलेले अन्न म्हणून विकली जाते.

तरीही हिशेब घरच्या बाजूने झुकतो, कारण उन्हाळी जेवणात धान्य थोडे लागते आणि इंधन त्याहून थोडे. आंबिलीला चौघांत वाटीभर पीठ पुरते. खिचडीसाठी रेशनचा तांदूळ, त्यात मसूर. लातूरची डाळ बाजारपेठ जवळ असल्याने तूरडाळीची चुरी आमच्याकडे आख्ख्या डाळीपेक्षा कमी भावात मिळते. आमटीला ती उत्तम. कैऱ्या वाऱ्याने पडतात, त्या पोरे गोळा करून आणतात. मुनगे की फल्ली, म्हणजे शेवग्याच्या शेंगा, मार्च-एप्रिलमध्ये ज्याच्या दारात झाड आहे तो वाटत सुटतो. चिंच याच दिवसांत फोडली जाते. मीठ लावून बरणीत भरली की वर्षभर बघायला नको.

मी शाळेतून बाराच्या सुमारास घरी येते. माझा क्रम सांगते, पटला तर घ्या. पहाटे फजरनंतर, हवा गार असताना, कुकरमध्ये एकदाच डाळ लावते आणि दिवसाच्या रोट्या थापून घेते. ज्वारीची रोटी शिळी झाली तरी ताकात कुस्करून, वर कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घालून चांगली लागते, हे चपातीचे होत नाही. निम्मी डाळ दुपारी कैरी घालून, निम्मी रात्री मुनग्याच्या शेंगा घालून. आठवड्यातून दोनदा ज्वारीच्या कण्या. जाडसर भरड शिजवून गार करायची आणि ताक, जिरे, मीठ घालून खायची. रात्री कंटाळा आला तर खिचडी आणि खट्टा. खिचडीला गॅसवर वीस मिनिटे, खट्ट्याला गॅस नाही. पार्सल सांगून ते येईपर्यंत आमच्याकडे याहून जास्त वेळ जातो. आणि घरातल्या मुलग्यांना चिंच कोळता येते, कांदा चिरता येतो. खट्टा हा मुलाला शिकवायचा पहिला पदार्थ, कारण त्यात हात भाजत नाही आणि ‘मला जमत नाही’ हे कारणही चालत नाही.

२०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता. पंधरा तासांच्या आसपासचा रोजा आणि वर हे ऊन. पहिल्या आठवड्यात आमच्याकडेही सहरीला रात्रीचे पार्सल गरम करून खाल्ले गेले आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांचे घसे कोरडे पडले. तेव्हा सासूअम्मांनी आंबील काढली. तिखट-तेलकट कमी, ताक जास्त. उरलेले रोजे त्यावर गेले. त्याच्या दोन वर्षे आधीचा उन्हाळा तर विसरता येत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी, आमच्या ढोकी स्टेशनावरून पुढे गेलेले. लोक रुळाच्या कडेला उभे राहून पाहत होते. त्या उन्हाळ्यात भांडी घासायलाही पाणी मोजून घ्यावे लागे, तेव्हा एका पातेल्यात होणारे आणि वाटीने पिता येणारे जेवण किती शहाणपणाने रचले आहे ते कळले.

बिर्याणीशी माझे वैर नाही. जुम्म्याला, पाहुण्याला, निकालाच्या दिवशी ती व्हावीच, आणि बाहेरून आणली तरी बिघडत नाही. फक्त मे महिन्यात आदल्या रात्रीचे उरलेले पार्सल दुसऱ्या दिवशी दुपारी खाऊ नये, हे मात्र आई म्हणून सांगते.

सध्या मी गावातल्या आणि आसपासच्या साठीपुढच्या बायकांकडून उन्हाळ्याचे पदार्थ लिहून घेते आहे. एका वहीत, उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी. हुलग्याच्या माडग्यापर्यंत आले आहे. वेळ लागतो, कारण प्रमाण विचारले की सगळ्या जणी ‘अंदाजसे’ म्हणतात. मुनग्याच्या डाळीत चिंच घालायची की कैरी, यावर तर अजून निकाल लागलेला नाही. मुरूडच्या खाला म्हणतात कैरी. सासूअम्मा म्हणतात चिंच, आणि तीही गेल्या सालची.